प्रलयानंतर कोण उरते?

गेल्या पावसाळ्यात घोटावडे येथील आमच्या वाचनबैठकीत एक इंग्रजी कादंबरी चर्चेला आली. ही बैठक म्हणजे काही मोठी साहित्यसंस्था नव्हे. पिरंगुट-घोटावडे परिसरातील कारखान्यांत आणि डोंगरापलीकडे हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत नोकरीनिमित्त आलेली काही कॅथलिक कुटुंबे महिन्यातल्या एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका घराच्या ओसरीवर जमतात. कोणी एखादे पुस्तक वाचून आलेले असते, ते त्याविषयी बोलते, आणि इतर मंडळी चहा घेत ऐकतात. त्या दिवशी बोलणारा तरुण संगणक अभियंता होता. पुस्तक होते कॉर्मॅक मॅकार्थी या अमेरिकन लेखकाचे 'द रोड'. २००६ साली ते प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

कथा थोडक्यात अशी. जग जळून गेले आहे. कशाने, ते लेखक सांगत नाही. आकाशातून राख पडते, झाडे मेली आहेत, पीक नाही, पक्षी नाहीत. एक बाप आणि त्याचा लहान मुलगा सामानाची ढकलगाडी घेऊन दक्षिणेकडे, समुद्राकडे चालले आहेत. वाटेत भेटणारी बहुतेक माणसे माणसांनाच खाणारी. बापाजवळ एक पिस्तूल आहे आणि त्यात मोजक्याच गोळ्या आहेत. तरुणाने हे सारे परिणामकारकपणे सांगितले आणि शेवटी निष्कर्ष काढला, "फादर, सगळा मुलामा उडाला की माणूस असाच असतो. ज्याच्याकडे डबे आणि गोळ्या, तो उरतो. लेखकाने फक्त खरे सांगितले."

ओसरीवर क्षणभर शांतता पसरली. मग त्याची आजी बोलली. मूळची नगरकडची, वय ऐंशीच्या आसपास. नातवाने सांगितलेली गोष्ट तिने हातातील जपमाळ न थांबवता ऐकली होती. ती म्हणाली, "अरे, आमच्या आजीनं पाहिलाय की असला रस्ता. लहान होती तवा. मोठ्या दुष्काळात. गाव सोडून निघाले तवा सात जण व्हते, पोचले दोघं. ती उरली ती काय बंदुकीनं उरली का?"

त्या दिवशी आम्ही तरुणाला उत्तर दिले नाही. उत्तर तयार नव्हते हेही एक कारण. परंतु त्याने जे मत मांडले ते त्याच्या एकट्याचे नाही. गेल्या काही वर्षांत कादंबऱ्यांतून, चित्रपटांतून, दूरदर्शनच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून तेच मत आपल्या मुलांच्या मनावर थापले जात आहे, आणि शिकलीसवरलेली समीक्षक मंडळी त्याला 'वास्तवदर्शन' म्हणून गौरवीत आहेत. म्हणून येथे सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आमचे म्हणणे असे की हे वास्तवदर्शन नाही. ज्यांच्यावर प्रलय कधी कोसळला नाही त्यांनी प्रलयाविषयी केलेली ती कल्पना आहे, आणि ज्यांच्यावर तो खरोखर कोसळला त्यांची साक्ष तिच्याविरुद्ध जाते.

प्रथम मूळ लेखकाला न्याय द्यावयास हवा. मॅकार्थी कॅथलिक घरात वाढलेला, कॅथलिक शाळेत शिकलेला. त्याची श्रद्धा पुढे किती टिकली हे त्याचे तो जाणे, परंतु त्याच्या कादंबरीत बापाइतकेच महत्त्व त्या मुलाला आहे, हे आमच्या तरुण मित्राच्या नजरेतून सुटले. वाटेत विजेने होरपळलेला मनुष्य दिसतो, मूल म्हणते त्याला मदत करू. आंधळ्यासारखा चाचपडणारा म्हातारा भेटतो, मूल हट्ट धरून त्याला जेवू घालायला लावते. त्यांचे सामान पळवणाऱ्या चोराला बाप नागवा करून थंडीत सोडतो, आणि मूल रडरडून बापाला परत फिरायला लावते. शेवटी बाप मरतो. मुलाला एक अनोळखी कुटुंब सामावून घेते. बापाच्या पिस्तुलाने मूल येथवर आले हे कबूल, परंतु पुढे ते कोणाच्या आधाराने जगणार? त्याच्या बापाने आयुष्यभर ज्या अनोळखी माणसांपासून त्याला दूर ठेवले, त्यांच्याच. म्हणजे पुस्तकाच्या पोटात पुस्तकाच्या लौकिकाचे खंडन दडलेले आहे. वाचक मात्र डबे आणि गोळ्या तेवढ्या लक्षात ठेवतो.

या प्रकारचे साहित्य काही आजचे नाही. मेरी शेलीने १८२६ साली 'द लास्ट मॅन' लिहिली, तीत साथीच्या रोगाने सारी मानवजात नष्ट होते आणि एक मनुष्य उरतो. मराठीत जयंत नारळीकरांनी 'हिमप्रलय' या कथेत पृथ्वीवर आलेले हिमयुग रंगवले. परंतु शीतयुद्धाच्या आणि अणुबाँबच्या भीतीतून हा प्रकार पश्चिमेत फोफावला आणि त्यातून हळूहळू एक सिद्धांतच तयार झाला: संस्कृती म्हणजे वरचा पातळ पापुद्रा, तो फाटला की आत लांडगा. या सिद्धांताला पुरावा काय, असे विचारले तर उत्तर मिळते, कादंबऱ्या पाहा. लेखकाने जग रिकामे करायचे, त्यात लांडगे सोडायचे, आणि मग वाचकाने म्हणायचे, पाहा, माणूस लांडगाच निघाला! न्यायशास्त्राचा प्राथमिक धडा घेतलेल्या विद्यार्थ्यालाही यातील दोष दिसेल. सेमिनरीत आम्हांला तो पहिल्याच वर्षी शिकवीत असत.

आता खरा पुरावा पाहू. त्यासाठी अमेरिकेत जावे लागत नाही.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर दुष्काळ पडला. त्याच्याही थोडे आधी, १८७४ च्या सुमारास, एक ब्राह्मण कुटुंब दक्षिणेच्या तीर्थक्षेत्रांतून भटकत होते. वृद्ध बाप, आई, एक मुलगा, दोन मुली. अन्न संपले, भांडीकुंडी विकली गेली, कोणाकडे काम मागावे हे ठाऊक नाही, कारण पुराणे सांगण्यापलीकडे काही शिकलेले नाहीत. अरण्यात झाडाची पाने आणि रानफळे बियांसकट गिळून त्यांनी दिवस काढले. बापाने जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. मुलगा मोलमजुरी करायला तयार झाला म्हणून तो विचार मागे पडला, पण बाप थोड्याच दिवसांत गेला. मग आई गेली, मग थोरली बहीण. आईच्या अखेरच्या दिवसांत धाकटी मुलगी शेजारच्या एका बाईकडे गेली. लाजेने तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईने ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन मुलगी धावत आली, पण आईला आता घास घेण्याची शक्ती उरली नव्हती. पुढे ती आणि तिचा भाऊ हजारो मैल पायी फिरले. पंजाबात झेलम नदीकाठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून त्या दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून स्वतःला वाळूने झाकून घेतले.

ही कादंबरी नाही. ही पंडिता रमाबाईंची हकीकत आहे, त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, त्यामुळे आपल्या घरांतून त्यांचे नाव क्वचितच निघते, हे आम्हांला नेहमी खटकत आले आहे. मॅकार्थीच्या बापलेकांच्या वाटेशी ही वाट ताडून पाहा. राख नाही, पण बाकी सर्व आहे: उपाशी बाप, मरणाचा विचार, थंडी, रस्ता. आता कादंबरीच्या सिद्धांताप्रमाणे या मुलीचे पुढे काय व्हावयास हवे होते? जे मिळेल ते घट्ट धरून बसावे, दार लावून घ्यावे, कारण जगात लांडगे आहेत हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. घडले ते असे. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ही स्त्री, आता विधवा, एका मुलीची आई आणि पुण्यातील शारदा सदनाची संचालिका, स्वतः तेथे गेली. उपासमारीने हाडे निघालेल्या आणि माणसांच्या दलालांच्या हाती पडू पाहणाऱ्या मुलींना तिने गोळा केले. पुण्यात त्या वेळी प्लेग आणि त्याचे निर्बंध होते. म्हणून त्या मुलींना दौंडजवळ केडगावच्या शेतावर ठेवण्यात आले. त्यांची संख्या सुमारे तीनशेवर गेली, आणि मुक्ती सदन उभे राहिले ते या मुलींसाठी. मुलींच्या दलालांविषयी तिने लिहिले आहे. म्हणजे लांडगे होते, हे ती नाकारीत नाही. आम्हीही नाकारीत नाही. आमचे भांडण एवढ्याशीच आहे की लांडग्यांना मनुष्यजातीचे प्रतिनिधी म्हणून निवडले कोणी?

त्याच पुण्यात, त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले मरण पावल्या. १८७७ च्या दुष्काळात जुन्नरच्या बाजूला हिंडून त्यांनी काय पाहिले ते जोतीरावांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रात आहे. सत्यशोधक समाजाने त्या वेळी धनकवडीला दुष्काळात सापडलेल्या मुलांसाठी आश्रम काढला होता. वीस वर्षांनी प्लेग आला तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्याच्याही पुढे होत्या. त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत शहराबाहेर रोग्यांवर उपचार करीत होता. मुंढव्याकडचा एक प्लेगग्रस्त मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवला, आणि त्यातून त्यांना संसर्ग झाला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आमचा तरुण मित्र म्हणेल, पण त्या उरल्या नाहीत. खरे आहे. कादंबरीच्या गणितात त्या हरल्या. पण त्यांनी उचललेला मुलगा वाचला, असेही परंपरा सांगते, आणि त्या मुलाच्या बाजूने पाहिले तर गणित निराळे येते. 'कोण उरले' हा प्रश्न नेहमी उरलेल्याच्याच तोंडून का विचारला जावा?

येथे आम्हांला आपल्या समाजाविषयी एक नाजूक गोष्ट बोलावयाची आहे. नगर-श्रीरामपूर-संगमनेरकडून आलेली जी कुटुंबे आज पुण्याच्या धर्मग्रामांत आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या घरी एक न बोललेली कथा असते. पणजोबा किंवा पणजी दुष्काळात मिशनच्या दारात आली. जर्मन जेझुइट फादरांनी असो की अमेरिकन मराठी मिशनने असो, तिला धान्य दिले, किंवा पोरक्या मुलाला ठेवून घेतले. याच गोष्टीवरून आपल्याला पिढ्यान्पिढ्या टोमणे ऐकावे लागले: धान्यासाठी धर्म सोडला. आपण तो टोमणा इतका मनाला लावून घेतला की कथाच सांगणे सोडून दिले. आमच्या बैठकीतील आजीबाईंनी ती त्या दिवशी सांगितली तेव्हा त्यांच्या सुनेने चटकन विषय बदलण्याचा प्रयत्न केला. आजीबाई थांबल्या नाहीत. "गहू खाल्ला त्यांचा, लाज कशाची?" त्या म्हणाल्या. "आमच्या आजीला आधी एका महाराच्या म्हातारीनं आंबील पाजली. मग मिशनात गेली. आंबील नसती तर मिशनपोतूर पोचली नसती."

या वाक्यात जेवढे धर्मशास्त्र आहे तेवढे आमच्या कित्येक प्रवचनांत नसते. मिशनचा उपकार मोठा, त्याच्या नोंदी आहेत, त्याची जयंती आपण साजरी करतो. त्या आंबिलीची नोंद कोठे आहे? आणि जी म्हातारी स्वतः उपाशी असताना परक्या पोरीला आंबील पाजते, तिला लांडगा म्हणणाऱ्या कादंबऱ्यांना आम्ही वास्तवदर्शी का म्हणावे? धान्यावरून टोमणा मारणारा आणि ती कादंबरी लिहिणारा, दोघेही एकाच गृहीतावर उभे आहेत, असे आम्हांला हळूहळू दिसू लागले आहे. भुकेला मनुष्य फक्त पोट असतो, त्याला कृतज्ञता नसते, विचार नसतो, निवड नसते, हे ते गृहीत. वास्तविक १८७७ च्या आरंभी दख्खनमधील सरकारी दुष्काळी कामांवरचे मजूर, जेव्हा सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुरी एका पौंड धान्यापर्यंत खाली आणली गेली, तेव्हा काम सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला संप! सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पोट हेच सर्वस्व असते तर हा संप झाला नसता.

आता घोटावड्याच्या अगदी जवळ येऊ. ज्या मुळशी तालुक्यात बसून आम्ही ही चर्चा केली, त्या तालुक्याच्या पश्चिम भागाचे जग शंभर वर्षांपूर्वी बुडाले. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधून पाणी सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात भिरा येथे सोडायचे, आणि त्या पडत्या पाण्यावर मुंबईसाठी वीज काढायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. १८९४ चा भूसंपादन कायदा त्यासाठी वापरला गेला. पन्नासच्या आसपास गावांवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, पांडुरंग महादेव बापट ही मंडळी त्यात होती. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली, आणि अखेर रुळांवर धोंडे रचून गाडी अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२४ पर्यंत लढा मावळला. १९२७ साली धरण पूर्ण झाले. भाताची खाचरे, देवळे, स्मशाने, सर्व पाण्याखाली गेले.

हा प्रलय नव्हे काय? फरक इतकाच की हा आकाशातून पडला नाही, आराखड्यावरून आला. पाश्चात्त्य कादंबरीत प्रलय सर्वांवर एकाच दिवशी येतो. म्हणूनच तो वाचताना सुखवस्तू वाचकाला एक गोड शहारा येतो: आपण सर्व सारखे झालो, आता पाहू कोण टिकतो. प्रत्यक्षात प्रलय एकावर येतो आणि दुसऱ्याच्या घरी दिवे लागतात. मुळशीच्या विजेवर मुंबई उजळली. त्या उजेडात किती कादंबऱ्या वाचल्या गेल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. (आम्हीही मुंबईच्या एका वसतिगृहात विद्यार्थी असताना रात्र रात्र वाचीत असू. दिवा कोठून येतो हे तेव्हा विचारले नाही.)

या लढ्यात 'उरणे' या शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर उभे राहिले. पुष्कळ जमिनीवर पुण्याच्या सावकारांचा मालकी हक्क होता आणि ती कसणारे मावळे कुळे होते. राजेंद्र व्होरांनी आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की भरपाईचा दर वाढला की सावकाराचा विरोध ओसरणार होता. मावळ्याला मात्र रुपयांत उरायचे नव्हते, गाव म्हणून उरायचे होते. सावकार उरला. मावळा हरला, आणि तरीही अनेक कुटुंबे तालुका सोडून गेली नाहीत. जलाशयाच्या काठाने वर सरकून डोंगरउतारावर राहिली. त्यांच्या काही वस्त्यांना आजही उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते, आणि समोर अथांग जलाशय असतो. त्या लोकांनी आपली दैवते वर नेली, लग्ने वर लावली, मुले वर वाढवली. बंदूक कोणी उचलली नाही असे नाही, पण ते उरले ते एकमेकांच्या ओझ्याला खांदा देऊन. आमच्या तरुण मित्राला आम्ही विनंती करतो की अमेरिकेच्या राखेतून चालण्यापूर्वी त्याने पौडमार्गे मुळशीपर्यंत एकदा दुचाकीने जावे.

तो जाईलही, परंतु वाटेत त्याला जागोजागी फलक दिसतील, आणि त्यांवर आमचा दुसरा आक्षेप आहे. २०२० नंतर या तालुक्यात 'दुसरे घर' घेण्याची लाट आली. आमच्या हाती एक जाहिरातपत्रक आले. त्यात भिंतीच्या आतील विहीर, सौरऊर्जा, स्वतःचा भाजीमळा आणि चोवीस तास पहारा यांची यादी देऊन, संकटकाळी हे कुटुंब कोणावरही अवलंबून राहणार नाही, अशी ग्वाही दिली होती. ही तीच कादंबरी आहे, फक्त हप्त्यांवर विकायला काढलेली. गाव विकून भिंत बांधायची, भिंतीबाहेर ज्याने जमीन विकली तो पहारेकरी, आणि आत उरणारे आपण! त्या पहारेकऱ्याचे घर कोणत्या भिंतीत आहे? तरुणाने नंतर आमच्याजवळ कबूल केले की तोही अशा एका भूखंडासाठी पैसे भरण्याच्या विचारात होता. पुस्तकाचा परिणाम पुस्तकापुरता राहत नाही, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

याच परिसरात, उरवड्याला, ७ जून २०२१ रोजी एका रासायनिक कारखान्यात आग लागली आणि पंधराहून अधिक कामगार जळून मेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. महामारीच्या काळात जे घरी बसू शकत होते ते उरले, आणि ज्यांना पोटासाठी बाहेर पडावे लागले त्यांच्यातून हे बळी गेले. त्याआधी वर्षभर, ८ मे २०२० रोजी, करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याहून आपल्या मध्य प्रदेशातील गावांकडे चालत निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. ही आमच्या काळातील 'द रोड'. तिच्यात माणसे माणसांना खात नव्हती. वाटेवरच्या गावांत अन्नाची पाकिटे वाटणारे, चपला देणारे, पाणी भरून ठेवणारे लोक होते, आणि दरवाजे बंद करणारेही होते.

दरवाजे बंद करणाऱ्यांत आम्ही होतो. हे लिहिल्याशिवाय वरील सर्व युक्तिवाद खोटा ठरेल, म्हणून लिहितो. २०२० च्या एप्रिल महिन्यात वीटभट्टीवरची एक कातकरी बाई मूल कडेवर घेऊन आमच्या निवासाच्या फाटकाशी आली. आम्ही खिडकीतूनच तिला सांगितले की शिधा पुढच्या आठवड्यात येणार आहे, तेव्हा ये. घरात तांदूळ होता. भीती वाटत होती, आणि भीतीला आम्ही 'नियम' असे नाव दिले. ती परत आली नाही. पुढे कळले की त्या दिवशी तिला पलीकडच्या वस्तीवरून पीठ मिळाले. ती वस्तीही कातकऱ्यांचीच. खिडकीच्या आतील मनुष्य सेमिनरीत शिकलेला होता, आणि कादंबरीच्या सिद्धांताला त्या दिवशी जर कोठे पुरावा मिळत असेल तर तो त्याच्यातच. वस्तीवर नव्हे.

म्हणून 'संकटात माणूस चांगलाच वागतो' असा भाबडा उलट सिद्धांत आम्ही मांडीत नाही. रिबेका सॉल्निट या अमेरिकन लेखिकेने २००९ साली एका ग्रंथात भूकंप-वादळांनंतरच्या परस्परसाहाय्याचे अनेक दाखले दिले आहेत. तिचाही सूर क्वचित फार आनंदी होतो. आम्हांला इतकेच दिसते की ढिगाऱ्यावर पहिला हात शेजाऱ्याचा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला सैन्य पोचण्यापूर्वी कोण उकरीत होते? ३० जुलै २०१४ रोजी आमच्याच जिल्ह्यात माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेवर माणसे गाडली गेली, आणि गाव जागेवर नाही ही बातमी बाहेरच्या जगाला प्रथम कळवली ती एस.टी.च्या चालकाने. तो आपल्या फेरीवर होता. त्याच्या जागी कादंबरीचा नायक असता तर त्याने आधी गाडीतील डिझेल मोजले असते.

आपल्या वाचकांपैकी जाणकार येथे आम्हांला वॉल्टर मिलरच्या 'अ कँटिकल फॉर लिबोविट्झ' या कादंबरीची आठवण देतील. १९५९ साली आलेली ही कादंबरी या प्रकारातील कॅथलिक कादंबरी मानली जाते. दुसऱ्या महायुद्धात मॉन्टे कॅसिनो येथील प्राचीन मठावर जे बाँब पडले, ते टाकणाऱ्या विमानदलात मिलर होता. युद्धानंतर तो कॅथलिक झाला. त्याच्या कादंबरीत अणुयुद्धानंतर उरलेले लोक चिडून विद्वानांना मारतात, ग्रंथ जाळतात, आणि वाळवंटातील एका मठातील साधू उरलेसुरले कागद जपतात. त्या कागदांत वाणसामानाची एक यादीही आहे, आणि तीही पवित्र अवशेष म्हणून जपली जाते! एक साधा बंधू पंधरा वर्षे एका तांत्रिक आराखड्याची सोनेरी नक्षीची प्रत काढतो, त्याचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. वाटमारे ती नक्षीची प्रत मौल्यवान समजून पळवतात आणि खरा आराखडा त्याच्या हाती राहतो. आम्ही हे प्रकरण वाचून हसलो आणि नंतर बराच वेळ गप्प राहिलो.

तरीही या पुस्तकावर आपण कॅथलिकांनी विसावू नये असे आम्हांला वाटते. ते वाचताना आपल्या मनात एक आत्मसंतुष्टता शिरते: साम्राज्ये बुडाली, ख्रिस्तसभा उरली. उरली हे ठीक, पण कशासाठी? मिलरनेच हा प्रश्न शेवटच्या भागात विचारला आहे. पुन्हा अणुयुद्ध होते, किरणोत्साराने होरपळलेली एक आई आणि तिचे तान्हे मूल रस्त्यावर आहे, त्यांना सरकारी छावणीत सुखाचे मरण देऊ केले जाते, आणि वृद्ध मठाधिपती ते थांबवू पाहतो. त्याच्या मताशी आम्ही सहमत आहोत. पण त्याच्यापाशी त्या बाईला देण्यासारखे शब्दांखेरीज फारसे काही नाही, ही गोष्ट लेखक लपवीत नाही. ज्या मठाने सहस्र वर्षे कागद जपले, त्याच्या दाराशी हे मूल आहे. आमच्या खिडकीखालच्या मुलाची आठवण आम्हांला त्या पानावर झाली.

'प्रकटीकरण' या बायबलमधील अखेरच्या ग्रंथाच्या मूळ ग्रीक नावाचा अर्थ पडदा दूर होणे असा आहे, नाश असा नाही. इंग्रजीने त्याला नाशाचा अर्थ चिकटवला आणि त्यावर साहित्याचा एक व्यापार उभा केला. मराठी भाषांतरकारांनी मूळ अर्थ राखला, याबद्दल आपण त्यांचे ऋणी असावयास हवे. संकटात पडदा दूर होतो हे खरेच. परंतु पडद्याआड एकच दृश्य असते, हे कोणी सांगितले?

मराठी कादंबरीला हा विषय अपरिचित नाही, फक्त आपण तिला त्या कप्प्यात ठेवीत नाही. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९१ सालची, धरणग्रस्तांची. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. माणदेशातील धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, गावाकडून तालीम बांधून घेतो, आणि मग दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडून जातात. राख नाही, पिस्तूल नाही. वाडी ओस पडते. तरुणाने हे पुस्तक शाळेत असताना धड्याच्या रूपाने वाचले होते आणि त्यात 'काही घडत नाही' असे त्याचे मत होते.

पुढच्या बैठकीसाठी आम्ही तेच ठरवले आहे. प्रती दोनच मिळाल्या, त्यामुळे तो मोठ्याने वाचणार आणि इतर ऐकणार. आजीबाईंनी आधीच बजावून ठेवले आहे की मेंढरे मरतात तो भाग चहाच्या अगोदर उरकावा.